३८६ च्या मापाच्या खोल्या

‘डूम’साठी स्वतःची लेव्हल काढायला बसलेला नवखा माणूस सुरुवातीलाच एका ठिकाणी हमखास अडतो. टेलिपोर्टरसाठी त्याने ६४ बाय ६४ चा चौकोन मोजूनमापून आखलेला असतो, त्यावर योग्य ती फरशीही लावलेली असते. पण गेम सुरू करून पाहावं तर फरशीवरचं चिन्ह मधोमध फाटलेलं. थोडं या कडेला, उरलेलं त्या कडेला. मग फरशी सरकवायची सोय कुठे आहे ते तो शोधू लागतो. अशी सोयच नाही. सबंध नकाशावर फरशा ६४ च्या जाळीत कायमच्या ठोकलेल्या आहेत. सरकवायची ती खोली. मग त्या खोलीला जोडलेला जिना, जिन्याला जोडलेला चौक, सगळंच लटांबर जाळीवर येईपर्यंत डावीकडे ढकलत न्यावं लागतं.

आकडा ६४ च का, याचं उत्तर कलेत शोधून सापडणार नाही. ते चिपमध्ये आहे. ६४ हा दोनाचा सहावा घात. जमिनीवरचा एखादा बिंदू फरशीच्या नेमक्या कुठल्या ठिपक्यावर येतो हे काढायचं, तर त्या बिंदूच्या आकड्यातले खालचे सहा बिट ठेवायचे आणि बाकीचे झाकायचे. भागाकार नको, तुलना नको. बिट झाकायला इंटेलच्या ३८६ ला दोन क्लॉक सायकल पुरत. बत्तीस बिटी भागाकाराला मात्र चाळीसच्या आसपास लागत. पडद्यावर ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० ठिपके, आणि ते सेकंदाला जास्तीत जास्त ३५ वेळा रंगवायचे. या हिशेबात दोन आणि चाळीस यांतला फरक म्हणजे गेम चालणं आणि न चालणं.

हे पुस्तक अशा फरकांबद्दल आहे. ज्यांना कुणी पैसे दिले नाहीत, कुणी सांगितलंही नव्हतं, अशा लोकांनी काढलेल्या खोल्या आणि ज्या चिपांसाठी त्यांनी त्या काढल्या त्या चिपा, हा त्याचा विषय. दोन्हींवर सुटंसुटं लिहिलेलं पुष्कळ आहे. प्रोसेसरवर लिहिणारे ट्रान्झिस्टर मोजतात, गेमवर लिहिणारे राक्षस मोजतात, आणि एकमेकांच्या वाटेला कुणी जात नाही. माझं म्हणणं असं की हौशी लेव्हलकारांची जी आवडनिवड पुढे शैली म्हणून ओळखली गेली, तिचा मोठा भाग मुळात अंकगणित होता. आणि दुसरं, जरा भांडण ओढवून घेणारं: ज्यांना आपण सरसकट जुन्या चिपच्या मर्यादा म्हणतो, त्यांतल्या कितीतरी चिपच्या नव्हत्याच.

आधी यंत्रांकडे बघू. ३८६ आला ऑक्टोबर १९८५ मध्ये; पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर, बत्तीस बिटांचा, पण दशांश चिन्हाचं गणित त्याला स्वतःला येत नसे. त्यासाठी ३८७ नावाची वेगळी चिप विकत घ्यावी लागे आणि घरगुती मशीनमधला तिचा सॉकेट बहुधा रिकामाच असे. एप्रिल १९८९ मध्ये ४८६ आला. त्यात सुमारे बारा लाख ट्रान्झिस्टर होते, पोटातच ८ किलोबाइटची कॅश आणि ते गणिताचं एककही आत घेतलेलं. स्वस्तातल्या ४८६ एसएक्समध्ये मात्र ते नव्हतं. पेंटियम बाजारात आला मार्च १९९३ मध्ये, एकतीस लाख ट्रान्झिस्टर घेऊन. त्याच्या विकासाचं नेतृत्व ज्यांच्याकडे होतं ते विनोद धाम जन्माने पुण्याचे, एवढी नोंद मराठी पुस्तकात करायला हरकत नसावी. ‘डूम’ त्याच वर्षी १० डिसेंबरला आला, तेव्हा पेंटियम घेतलेली घरं थोडी. म्हणून खोक्यावरची अट होती ती ३८६ आणि ४ मेगाबाइट मेमरी एवढीच. खरं सुख ४८६ वर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून असेंबल केलेली मशीनं ज्यांनी वापरली त्यांना कॅबिनेटवरचं टर्बोचं बटण आणि त्याशेजारचे लाल-हिरवे आकडे आठवत असतील. ३८६ वाल्यांना ‘डूम’ खेळायचा तर वजाची कळ दाबत दाबत चित्र पोस्टाच्या तिकिटाकडे झुकेल इतकं लहान करावं लागे, नाहीतर एफ५ दाबून जाडेभरडे ठिपके पत्करावे लागत.

गंमत अशी की गणिताचं एकक असलेल्या ४८६ डीएक्ससाठी जास्त पैसे मोजलेल्याला ‘डूम’मध्ये त्या एककाचा काडीचा उपयोग नव्हता. ‘डूम’चा प्रोग्रामर जॉन कार्मॅक याने सगळं गणित पूर्णांकांत बसवलं होतं: बत्तीस बिटांतले वरचे सोळा पूर्णांकाला, खालचे सोळा अपूर्णांकाला. दोन बत्तीस बिटी आकड्यांचा गुणाकार करून चौसष्ट बिटी उत्तर द्यायला ३८६ ला एकच सूचना लागते. त्या उत्तरातले मधले बत्तीस बिट उचलले की झालं. आधीच्या २८६ ला हे एका दमात जमत नसे. याच रचनेमुळे ‘डूम’चा नकाशा उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच पसरू शकतो. त्याच्या पलीकडे जग नाही, कारण आकडा नाही.

आता भागाकाराकडे पुन्हा वळायला हवं, कारण या जगाचं सगळं वास्तुशास्त्र त्याच्यावर उभं आहे. भिंत जर काटकोनात उभी असेल तर पडद्यावरच्या एका उभ्या रेषेत तिचं अंतर बदलत नाही. एका रेषेला एक भागाकार केला की वरपासून खालपर्यंत निश्चिंत. जमीन जर सपाट असेल तर तेच आडव्या रेषेला लागू. म्हणजे ६४,००० ठिपक्यांसाठी भागाकार काही शेकड्यांतच भागतात. किंमत एकच: कललेल्या भिंती नाहीत, उतार नाहीत, आणि एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली नाही. लेव्हलकाराला टेकडी हवी असेल तर पायऱ्या कराव्या लागतात, आणि एक पायरी २४ एककांपेक्षा उंच झाली की खेळाडू चढत नाही. ‘डूम’च्या हजारो नकाशांत जिथे तिथे जिने का दिसतात, याचं उत्तर कुणा वास्तुकाराच्या प्रभावात शोधायला जाऊ नये.

भिंतींचं तसंच. भिंतीचं चित्र उभ्या दिशेने १२८ च्या मापात मोजलं जातं, तेही बिट झाकूनच. चित्र १२८ पेक्षा बुटकं आणि भिंत त्याहून उंच असेल, तर चित्र संपल्यावर गेम शेजारच्या मेमरीतला कचरा वाचतो आणि भिंतीवर रंगीबेरंगी बुंदके उमटतात. लेव्हलकार मंडळींत त्याला ‘टुटी-फ्रुटी’ म्हणतात. ७२ उंचीचं चित्र १०० उंचीच्या भिंतीला लावू नये हा नियम म्हणून आला. नंतर आलेल्यांना तो सौंदर्यदृष्टीचा वाटू लागला, आणि त्यांचं फारसं चुकलंही नाही.

पण नुसतं स्वस्तात रंगवून भागत नाही; आधी कोणती भिंत पुढे आणि कोणती मागे हे ठरवावं लागतं. इथे कार्मॅकने फुक्स, केडेम आणि नेलर यांचं १९८० चं काम हाताशी घेतलं. आधीचा गेम ‘वोल्फेन्स्टाइन’ सुपर निंटेंडोवर नेताना ते मशीन हळू पडलं, तेव्हा त्याने ही युक्ती प्रथम वापरली होती. कल्पना समजायला शेताच्या वाटण्या आठवाव्यात: एक रेघ मारून जमिनीचे दोन भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा दोन, असं करत करत शेवटी असे तुकडे उरतात की ज्यांच्यात भांडायला काही राहत नाही. वाटणीची रेघ एखाद्या भिंतीवरून गेली तर भिंतीचेही दोन तुकडे होतात. या वाटण्यांचं झाड एकदा तयार असलं की खेळाडू कुठेही उभा असो, जवळचं आधी आणि लांबचं नंतर हा क्रम झाडावरून चालत गेलं की आपोआप मिळतो. झाड तयार करायला वेळ लागतो, पण ते खेळताना करायचं नसतं. ते नकाशा काढणाऱ्याने आधीच करून फाइलीत भरायचं. खेळणाऱ्याच्या मशीनचा भार असा बनवणाऱ्याच्या मशीनवर आला. भिंत हलवली की हे झाड, म्हणजे ‘नोड’, पुन्हा बांधा. नकाशा मोठा आणि मशीन ३८६ असेल तर तेवढ्यात चहा करून पिऊन होई. शिवाय तुटलेल्या भिंतींची नवी टोकं पूर्णांकात बसवावी लागत, त्यामुळे ती केसभर सरकत आणि फटीतून जमिनीचा एखादा ओघळ भिंतीवर चढलेला दिसे. हे ओघळ हौशी लेव्हलकारांचा जुना शाप आहे. कुणी त्यासाठी अख्खा कोपरा पुन्हा आखला, कुणी तिथे सरळ पिंप ठेवून दिलं.

हौशी लोक यात शिरले कसे, हे थोडक्यात. ‘वोल्फेन्स्टाइन’ १९९२ चा. लोकांनी त्याच्या फाइली उलगडून स्वतःचे नकाशे घुसवले, पण त्यासाठी मूळ गेमच्या फाइलींवरच गिरवावं लागे. ‘डूम’ करताना आयडी सॉफ्टवेअरने नकाशे, चित्रं, आवाज सगळं इंजिनापासून वेगळं काढून एका गाठोड्यात ठेवलं. ‘वॅड’ हे त्याचं नाव आयडीच्या टॉम हॉलने दिलेलं. आपलं छोटं गाठोडं शेजारी ठेवायचं. गेम आधी मूळ वाचतो, मग तुमचं. मूळ फाइलीला धक्का लागत नाही. कंपनीत सगळ्यांनाच हे औदार्य पटलं नव्हतं. पण गाठोडं उघडायला बाहेरच्यांना फार वेळ लागला नाही. ब्रेंडन वायबर आणि राफाएल किने यांचा ‘डीईयू’ हा एडिटर १९९४ च्या सुरुवातीलाच फिरू लागला. आयडीची विनंती एवढीच होती की फुकट वाटलेल्या आवृत्तीवर हे चालू देऊ नका, आणि एडिटरवाल्यांनी ती पाळली.

या कामाचा हात कसा बसतो हे कळायला एक दार करून बघणं पुरेसं आहे. दोन खोल्या आखा, मध्ये सोळा एककं जाडीची पट्टी सोडा. ती पट्टी म्हणजे स्वतंत्र सेक्टर, म्हणजे तिला स्वतःची जमीन, स्वतःचं छत, स्वतःचा उजेड. तिचं छत खाली आणून जमिनीला टेकवा: दार बंद झालं. ‘डूम’मध्ये दार नावाची वस्तूच नाही, खाली उतरलेलं छत म्हणजे दार. पट्टीच्या दोन्ही दर्शनी रेषांची उजवी बाजू खोलीकडे वळवा, त्यांना १ हा क्रमांक द्या, वरच्या भागावर दाराचं चित्र लावा. नोड बांधा, गेम सुरू करा, स्पेसबार दाबा. दार वर जातं, आणि त्याच्याबरोबर चौकटीच्या आतल्या बाजूचे लोखंडी रूळही वर सरकतात! चौकट दारासकट चाललेली बघून नवखा गोंधळतो. भिंतीचं चित्र एरवी छताला टांगलेलं असतं. छत हललं की तेही हलतं. चौकटीच्या रेषांना ‘लोअर अनपेग्ड’ हा खिळा मारला की चित्र जमिनीला बांधलं जातं आणि रूळ जागेवर राहतात. आणि दाराचं चित्र लावायचंच विसरलात तर? तिथे काळं दिसत नाही, पांढरंही नाही; आधीच्या क्षणांचे अवशेष आरसेमहालासारखे फरफटत राहतात. कारण नवं चित्र रंगवण्याआधी इंजिन पडदा पुसतच नाही. सगळं झाकलं जाणारच आहे तर ६४,००० ठिपके पुसण्यात वेळ का घालवा? हा कार्मॅकचा हिशेब बरोबर होता. लेव्हलकाराने भोक ठेवू नये एवढीच अपेक्षा.

इथवरचं सगळं चिपच्या खात्यात टाकता येतं. पुढचं नाही.

१९९४ पासून मोठे नकाशे काढणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येऊ लागला. प्रशस्त अंगण, त्यात खांब, पायऱ्या, कमीजास्त उजेडाचे पट्टे. एका विशिष्ट कोपऱ्यातून पाहिलं की गेम धाडकन बंद, आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘नो मोअर व्हिसप्लेन्स’ अशी ओळ. व्हिसप्लेन म्हणजे एका वेळी दिसणारा जमिनीचा किंवा छताचा सलग तुकडा: उंची सारखी, चित्र सारखं, उजेड सारखा. असे तुकडे १२८ च मावत. १२९ वा दिसला की खेळ खलास. ही मर्यादा ३८६ ची नव्हे, ४८६ चीही नव्हे. प्रोग्राममध्ये कुणीतरी एका रांगेची लांबी १२८ लिहून ठेवली होती, एवढंच. आयडीच्या स्वतःच्या नकाशांना तेवढी पुरली.

हौशी मंडळींकडे सोर्स कोड नव्हता. तो कार्मॅकने २३ डिसेंबर १९९७ ला खुला केला. तोवर चार वर्षं ते अंधारात चाचपडत नियम बसवत होते: अंगणात खिडक्या कमी ठेवा, जिना कोपऱ्याआड वळवा, दोन मोठ्या दालनांच्या मध्ये नागमोडी बोळ घाला. बोळातून वळताना पुढचं दालन अचानक सामोरं येतं हा ‘डूम’ नकाशांचा जो नाट्यगुण मानला जातो, त्यामागे कितीदा तरी या एका ओळीची धास्ती आहे. त्यात एक बारीक विनोदही आहे. नकाशात उजेड ० ते २५५ असा लिहिता येतो, पण रंगवताना इंजिन त्याच्या सोळाच पायऱ्या धरतं. १६० आणि १६७ डोळ्याला एकच. व्हिसप्लेन मोजताना मात्र ते दोन वेगळे तुकडे मोजले जात. न दिसणाऱ्या बारकाव्यासाठी अशी दिसणारी शिक्षा. तसंच सेव्ह करण्याचं: जतन करायची माहिती १,८०,२२४ बाइटांच्या वर गेली की गेम कोसळे. राक्षसांनी गच्च भरलेल्या नकाशात प्रगती जपून ठेवायचा प्रयत्न हाच सर्वांत धोक्याचा क्षण ठरे. यातलं काहीही चिपने मागितलेलं नव्हतं.

म्हणून ‘मर्यादेतून कला फुलते’ हे वाक्य या विषयावरच्या लेखांत वाचलं की मला थोडा कंटाळा येतो. कोणती मर्यादा? सपाट जमिनीची मर्यादा सगळ्या खेळाच्या गतीशी जोडलेली होती. तिने दिलं तेवढं घेतलं नाही. १२८ च्या रांगेने काही चांगले बोळ दिले आणि बरीच चांगली अंगणं खाल्ली. दोन्हींना एकाच मापाने मोजणं बरं नाही. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक नियमापाशी थांबून तो सिलिकॉनचा, की प्रोग्रामरचा, की नुसत्या सवयीचा, हे विचारलेलं दिसेल. सवयीचेही बरेच आहेत. आयडीचा लेव्हलकार जॉन रोमेरो याने स्वतःसाठी ठरवलेले नियम, जसं फरशी बदलली की उंचीही बदलावी, अंधार-उजेडाचा विरोध साधावा, आधी दिसलेली जागा नंतर पुन्हा वाटेत यावी, हे कुणा यंत्राने घातलेले नव्हते. पहिली लेव्हल म्हणून सगळ्यांना पाठ असलेलं ‘हँगर’ त्याने पहिल्या भागात सर्वांत शेवटी केलं, हात पुरता बसल्यावर. हौशींनी ते गिरवून गिरवून आत्मसात केलं.

या गिरवण्याचं फळ काय, याबद्दल भाबडं होऊ नये. आयडीने डिसेंबर १९९५ मध्ये ‘मास्टर लेव्हल्स’सोबत लोकांनी केलेल्या नकाशांची एक तबकडी विकली, त्यात अठराशेच्या वर गाठोडी होती आणि त्यातली बहुसंख्य खेळवत नाहीत. स्वतःचं घर, स्वतःचं ऑफिस, एक प्रचंड चौकोनी खोली आणि तिच्यात दोनशे राक्षस. पण त्याच गर्दीतून टिम विलिट्स आला आणि आयडीतच नोकरीला लागला. फिनलंडचा इक्का केरानेन पुढे व्हॉल्व्हपर्यंत पोचला. डारियो आणि मायलो कसाली या भावांचं ‘प्लुटोनिया’ आणि टीमटीएनटी या गटाचं ‘इव्हिल्यूशन’ ही दोन्ही १९९६ मध्ये ‘फायनल डूम’ म्हणून दुकानात आली. ‘एलियन्स टीसी’ने तर १९९४ मध्येच पहिली सबंध लेव्हल शत्रूविना ठेवायचं धाडस केलं; खेळाडू रिकाम्या खोल्यांतून घाबरत चालतो आणि कुणी येतच नाही. धंदेवाईक कंपनीला हे सुचलं असतं तरी परवडलं नसतं.

सोर्स खुला झाल्यावर बंधनं धडाधड निघाली. टीमटीएनटीच्या ‘बूम’ने १९९८ मध्ये व्हिसप्लेनची रांग मोकळी केली, सेव्हचा बाइटांचा हिशेब काढून टाकला. आज कुठल्याही फोनमधला प्रोसेसर हे सगळं झोपेत करील. इंटेलने ३८६ आणि ४८६ बनवणं २००७ मध्ये थांबवलं. तोवर ते लहानसहान यंत्रांच्या पोटात नोकरी करत होतेच. आणि तरीही ‘व्हॅनिला’ नकाशे, म्हणजे डॉसवरच्या मूळ गेममध्ये न कोसळता चालतील असे, आजही काढले जातात. ते तपासण्यासाठी ‘चॉकलेट डूम’ नावाचा प्रोग्राम आहे, जो जुन्या चुका जाणूनबुजून तशाच ठेवतो. १०२४ बाय १०२४ एककांच्या चौकोनात अख्खी लेव्हल बसवायच्या पैजा लागतात. रोमेरो स्वतः २०१६ मध्ये दोन नवे नकाशे घेऊन परतला, २०१९ मध्ये त्याने ‘सिजिल’ काढलं. हे निव्वळ स्मरणरंजन आहे असं मला वाटत नाही. ज्यांच्या जन्माआधी ४८६ अडगळीत गेला ती मुलंही व्हॅनिला काढतात. त्यांना आठवणार काय? नियम ठाऊक असलेला खेळ खेळायला बरा वाटतो, इतकं साधं कारण असावं.

पुस्तक वाचताना जवळ एखादा एडिटर असू द्यावा. ‘अल्टिमेट डूम बिल्डर’ फुकट आहे. मूळ गेम नसेल तर ‘फ्रीडूम’च्या चित्रांवर काम चालतं. नुसतं वाचून दाराच्या चौकटीचं प्रकरण कळणार नाही.

आयडीचा पुढचा गेम ‘क्वेक’ मात्र या पुस्तकात नाही, आणि ती राहून गेलेली गोष्ट नव्हे. २२ जून १९९६ ला तो आला तेव्हा जमीन उताराची झाली, खोलीवर खोली आली, आणि गणित पेंटियमच्या दशांश एककावर गेलं. मायकेल अब्रॅश आणि कार्मॅक यांनी एक भागाकार चालू असतानाच पुढचे ठिपके रंगवायची युक्ती केली. ४८६ ला ते झेपलं नाही आणि ज्यांनी स्वस्तातला सायरिक्स ६एक्स८६ घेतला होता तेही हळहळले. लेव्हलकाराचं कामही पालटलं. कुठून काय दिसतं याचा संपूर्ण हिशेब आधी करून ठेवावा लागे आणि त्याला घरच्या मशीनवर तासन् तास लागत. आयडीकडे त्यासाठी अनेक प्रोसेसरांची महागडी मशीनं होती. भिंत हलवून लगेच बघायची मुभा संपली. त्या काळच्या हौशींची गोष्ट रात्रभर चालू ठेवलेल्या मशीनांची आहे, त्यांच्या चुकांची जातकुळी वेगळी आहे आणि त्यांच्या चिपचीही.